विश्लेषण : चांदण्यातले व्हेनिस रंगवणारा आयवाझोव्स्की नेमका कोणाचा?

कोजागरीला कासारवाडीतल्या सोसायट्यांच्या गच्चीवर दुधाच्या पातेल्याभोवती गर्दी जमते आणि थोड्या वेळाने सगळे मोबाइल वर होतात. फोटोत येतो तो बहुतेक वेळा एक पांढरा ठिपका आणि भोवती काळोख. डोळ्यांना दिसलेले चांदणे पडद्यावर उतरत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच चांदणे, तेही हलत्या पाण्यावरचे, कॅनव्हासवर उतरवणारा एक चित्रकार होऊन गेला. त्याचे नाव इव्हान आयवाझोव्स्की. व्हेनिसच्या कालव्यांवर, खाजणावर आणि घुमटांवर पसरलेले चांदणे त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवले. ही चित्रे आज वॉलपेपर आणि कॅलेंडर म्हणून जगभर फिरतात. त्यांच्याखाली ‘रशियन चित्रकार’ असे लिहिलेले असते आणि आता भांडण नेमके त्या दोन शब्दांवरूनच पेटले आहे.

हा आयवाझोव्स्की कोण?

जन्म २९ जुलै १८१७, गाव फिओदोसिया. हे काळ्या समुद्राच्या काठचे क्रिमियातले बंदर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. घरची मंडळी आर्मेनियन. बाप्तिस्म्याच्या वेळचे नाव होव्हानेस. परिस्थिती बेताची होती, पण मुलाचा हात पाहून गावातल्या मोठ्या लोकांनी मदत केली आणि १८३३ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीत दाखल झाला. १८३७ मध्ये सुवर्णपदक मिळाले आणि पाठोपाठ सरकारी खर्चाने युरोपात शिकायला जाण्याची संधी. १८४४ मध्ये परतल्यावर रशियन नौदलाचा अधिकृत चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली.

त्याच्या नावावर सुमारे ६ हजार चित्रे सांगितली जातात. सर्वात गाजलेले ‘नववी लाट’ हे १८५० चे. बुडालेल्या जहाजाच्या तुटक्या डोलकाठीला धरून राहिलेली माणसे, वर उगवता सूर्य आणि समोर चढत येणारी लाट. हे चित्र सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटरहून अधिक रुंद आहे. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये ते पाहायला मिळते.

पीटर्सबर्गला मान, पैसा, दरबार सगळे असताना हा माणूस फिओदोसियाला परतला आणि तिथेच राहिला. घराला जोडून त्याने चित्रदालन उभारले. ते १८८० मध्ये खुले झाले. गावात पाण्याचा दुष्काळ होता. तेव्हा त्याने आपल्या मालकीच्या सुबाश झऱ्यातले रोजचे ५० हजार बादल्या पाणी गावाला देऊन टाकले आणि १८८८ मध्ये नळाने ते गावात आले. रशियन ‘बादली’ म्हणजे बारा लिटरहून थोडी जास्त, म्हणजे दिवसाला सहा लाख लिटर. २०१९ पासून दिवसाआड पाण्याचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना या दानाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

व्हेनिसच का?

१८४० मध्ये तो इटलीला निघाला तेव्हा पहिला मोठा मुक्काम व्हेनिस होता. त्यामागे चित्रकलेइतकेच घरगुती कारण होते. थोरला भाऊ गॅब्रिएल लहानपणीच घरापासून दूर गेला होता आणि व्हेनिसच्या खाजणातल्या सान लाझ्झारो या बेटावर आर्मेनियन मठात साधू झाला होता. बऱ्याच वर्षांनी दोघे भाऊ भेटले.

हे बेट म्हणजे एक छोटी नवलाईच आहे. एके काळी तिथे महारोग्यांची वसाहत होती. १७१७ मध्ये मेखितार नावाच्या आर्मेनियन धर्मगुरूला ते मिळाले आणि पुढे तिथे आर्मेनियन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आणि छापखाना उभा राहिला. इंग्रज कवी बायरन १८१६ मध्ये तिथे आर्मेनियन भाषा शिकायला जात असे. आयवाझोव्स्कीने ही गोष्ट मनात जपून ठेवली आणि १८९९ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, मठाला भेट देणारा बायरन रंगवला. व्हेनिस त्याच्यासाठी नुसते देखणे शहर नव्हते. परक्या मुलखात आपली भाषा आणि लिपी जपणारी माणसे तिथे राहत होती आणि त्यात सख्खा भाऊ होता. चांदण्या रात्रीची त्याची चित्रे पाहताना ही माहिती हाताशी असलेली बरी.

त्याने पाहिलेले व्हेनिस आजच्यापेक्षा वेगळे होते. शहराला मुख्य भूमीशी जोडणारा रेल्वेचा पूल १८४६ मध्ये सुरू झाला. १८४० मध्ये तिथे जायचे म्हणजे होडीनेच. हजार वर्षांहून जुने प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनने संपवले होते आणि शहरावर ऑस्ट्रियाचा अंमल होता. सत्ता गेलेली, व्यापार गेलेला, राजवाड्यांचे पोपडे निघालेले. चांदण्यात पोपडे दिसत नाहीत. युरोपातल्या कितीतरी चित्रकारांना आणि कवींना व्हेनिस रात्रीच का आवडले, याचे हेही एक व्यवहारी उत्तर असावे.

पाण्यावरचा चंद्र कसा उतरला?

त्याच्या व्हेनिसच्या रात्री बहुधा एकाच ठेवणीच्या असतात. क्षितिज बरेच खाली आणि वर दोन तृतीयांश आकाश. चंद्र ढगाआडून नुकताच सुटलेला. दूर घंटाघराचा मनोरा आणि सांता मारियाचा घुमट धुरकट निळ्या सावल्यांसारखे. पुढच्या बाजूला एक काळी गोंडोला, तिच्यात दोन-तीन माणसे, आणि कुठेतरी कंदिलाचा एकच लालसर ठिपका. या सगळ्यांमधून थेट पाहणाऱ्याच्या पायापर्यंत येणारा उजेडाचा पट्टा.

हा पट्टा नीट समजून घेतला तर अर्धे चित्र समजले. पाणी अगदी स्थिर असेल तर त्यात चंद्राचे गोल प्रतिबिंब दिसते, आरशात दिसावे तसे. पण वाऱ्याने पाण्यावर बारीक तरंग उठले की प्रत्येक तरंगाचा उतार एक छोटा आरसा बनतो. ज्या उतारांचा कोन बरोबर जुळतो ते चंद्राचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतात, बाकीचे काळे राहतात. असे हजारो तुकडे आपण आणि चंद्र यांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास जमतात आणि लांबट पट्टा तयार होतो. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर पट्टा लांब आणि अरुंद, वर चढला की आखूड आणि रुंद.

एक गंमत म्हणजे हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसणारा पट्टा त्याच्या पायाशी येतो, आपला आपल्या पायाशी. कासारवाडीहून पुण्याकडे जाणारी मेट्रो दापोडी आणि बोपोडीच्या दरम्यान मुळा नदी ओलांडते. पौर्णिमेला चंद्र थोडा वर आलेला असताना पूर्वेकडच्या खिडकीतून पाहिले आणि पाणी मोकळे असले, तर हा पट्टा गाडीबरोबर पळताना दिसतो. ‘पाणी मोकळे असले तर’ ही अट मात्र मोठी आहे. पवना आणि मुळा हिवाळ्याच्या अखेरीपासून जलपर्णीच्या हिरव्या गालिच्याखाली जातात, आणि झाकलेल्या पाण्यात चंद्र दिसत नाही. पावसाने नदी धुऊन निघाल्यानंतरची कोजागरी त्या मानाने बरी.

व्हेनिसच्या खाजणात पाणी उथळ आहे, बऱ्याच भागात जेमतेम मीटरभर. बाहेरच्या समुद्राच्या मोठ्या लाटा आत पोचत नाहीत, बारीक तरंग तेवढे उठतात. चांदण्याच्या पट्ट्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता खरी अडचण. ही तरंगांची चकाकी सेकंदाच्या काही भागापुरती टिकते. समोर बसून ती रंगवायची कशी? आयवाझोव्स्कीचे म्हणणे असे की रंगवूच नये. लाट, वीज, वाऱ्याचा झोत या गोष्टी समोर पाहून कुंचल्यात पकडता येत नाहीत. त्या पाहून घ्याव्यात, डोक्यात ठेवाव्यात आणि चित्रशाळेत बसून रंगवाव्यात. तो जागेवर पेन्सिलीने इमारतींची जुजबी रेखाटने करी. उजेड आणि पाणी आठवणीतून येई. वेगही अफाट होता. ‘लाटांमध्ये’ हे १८९८ चे चित्र जवळजवळ तीन मीटर उंच आणि सव्वाचार मीटर रुंद आहे. ते त्याने वयाच्या ऐंशीनंतर दहा दिवसांत पूर्ण केले.

या पद्धतीचा तोटाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आठवणीतून इतकी चित्रे काढणारा माणूस स्वतःचीच नक्कल करू लागतो. त्याच्या उतारवयातल्या अनेक रात्री एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटतात आणि टीकाकारांनी हे त्याच्या हयातीतच बोलून दाखवले. व्हेनिसची चित्रे त्यातल्या त्यात वाचली, कारण तिथे मनोरा आणि घुमट हे हात धरून ठेवणारे खांब होते.

चांदणे निळे असते का?

नसते. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. तो सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो, आणि तोही मूळ सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूस असतो. चांदणे निळसर वाटते ते आपल्या डोळ्यांमुळे. भरपूर उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करतात, अंधारात दुसऱ्या पेशी ताबा घेतात. या दुसऱ्या पेशींना रंग ओळखता येत नाहीत, पण निळ्या-हिरव्या प्रकाशाला त्या जास्त प्रतिसाद देतात. म्हणून रात्री लाल फूल काळे पडते आणि हिरवी पाने त्या मानाने उजळ दिसतात. आयवाझोव्स्कीचा चंद्र अनेकदा हिरवट-सोनेरी असतो. त्यामुळे तो नाटकी न वाटता ओळखीचा वाटतो.

दुसरा प्रश्न उजेडाच्या फरकाचा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी दिसतो. पौर्णिमेचे चांदणे जमिनीवर पाव लक्सच्या आसपास पडते. मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड दहा-वीस लक्स असतो. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलाखाली पौर्णिमा आहे की अमावास्या हे कळत नाही, ते यामुळे. आणि कॅनव्हासवरचा पांढऱ्यात पांढरा रंग काळ्यात काळ्या रंगापेक्षा फार तर काही दहापट उजळ असतो. एवढ्याशा भांडवलात चंद्र, त्याची चकाकी आणि काळोख बसवायचा. उपाय एकच : बाकीचे सगळे चित्र दाबून अंधारात ढकलायचे, म्हणजे थोडासा पांढरा रंगही पेटल्यासारखा दिसतो. त्यावर पातळ, पारदर्शक रंगाचे थर चढवले की उजेड आतून येतो असे वाटते.

मोबाइलचा कॅमेरा याच ठिकाणी अडतो. चंद्राला धरले तर भोवतालचे सगळे काळे, भोवतालाला धरले तर चंद्र म्हणजे पांढरा डाग. म्हणून नवे फोन अनेक फोटो जोडतात, आणि काही फोन त्याही पुढे जातात. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने मुद्दाम अंधुक केलेल्या चंद्राच्या चित्राचा सॅमसंगच्या फोनने फोटो काढला. फोनने त्यात नसलेले खड्डे आणि डाग भरून दिले. चंद्र कसा दिसतो हे त्या यंत्रणेला आधीच शिकवलेले होते. फोटो खोटा म्हणायचा का, यावर बराच वाद झाला. आठवणीतून चंद्र काढणाऱ्याला आपण चित्रकार म्हणतो. त्याने तो खरा फोटो असल्याचा दावा कधी केला नव्हता, एवढा फरक आहे.

चित्रामागे दिवा लावला आहे का?

आयवाझोव्स्कीपेक्षा पाव शतकाने धाकटा असलेला आर्खिप कुइंजी या बाबतीत त्याच्याही पुढे गेला. मारियुपोलमध्ये जन्मलेल्या कुइंजीने १८८० मध्ये पीटर्सबर्गला एकाच चित्राचे प्रदर्शन भरवले. ‘नीपर नदीवरची चांदणी रात्र’. खोली अंधारी ठेवली, प्रकाशाचा झोत फक्त चित्रावर. बाहेर रांगा लागल्या. चित्रामागे दिवा लपवला आहे का, हे पाहायला लोक कॅनव्हासच्या मागे डोकावत होते. रशियन राजघराण्यातल्या एका राजपुत्राने ते विकत घेतले आणि सागरी प्रवासाला बरोबर नेले. काळाच्या ओघात त्यातले रंग काळवंडत गेले, त्यामुळे आज दिसते ती मूळ झळाळी नव्हे. याच कुइंजीचा एक विद्यार्थी म्हणजे निकोलस रोरिक. ते पुढे भारतात आले आणि कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झाले.

फोनवर ही चित्रे पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. कॅनव्हास प्रकाश परावर्तित करतो, फोनचा पडदा स्वतः प्रकाश टाकतो. म्हणजे त्या लोकांनी शोधलेला दिवा आपल्या हातातल्या चित्रामागे खरोखरच असतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतींत रंगही भडक केलेले असतात. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरच्या प्रती पाहाव्यात. चित्रकार जाऊन सव्वाशे वर्षे झाली, स्वामित्वहक्काचा प्रश्न उरलेला नाही.

आपल्याकडे असे कोणी होते का?

पुणे-लोणावळा लोकल कासारवाडीला थांबते तशी पुढे मळवलीलाही थांबते. त्या मळवलीत राजा रविवर्मा यांचा छापखाना होता. मुंबईत सुरू झालेला हा छापखाना १८९९ च्या सुमारास तिथे हलला आणि घरोघरच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. रविवर्मांनी १८८९ मध्ये चांदण्यात बसलेली एक स्त्री रंगवली. हे चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. चांदणे तिथे पार्श्वभूमी आहे, विषय ती स्त्री. आयवाझोव्स्कीकडे माणसे सावलीत आणि चांदणे हाच नायक.

त्याच्या जास्त जवळ जाणारे नाव कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचे. शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले आणि १९३१ मध्ये निधन पावलेले आबालाल कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहिले आणि तोच तलाव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिले. पद्धत मात्र उलटी. आयवाझोव्स्की हजार मैलांवरचे पाणी आठवून रंगवी. आबालाल घराजवळच्या पाण्याकडे पुन्हा पुन्हा पाहत. कोल्हापूरबाहेर त्यांची चित्रे पाहिलेले वाचक किती असतील, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. व्हेनिसची रात्र एका क्लिकवर मिळते, कोटितीर्थाची संध्याकाळ शोधावी लागते.

मग हा चित्रकार कोणाचा?

साम्राज्य रशियन, गाव क्रिमियात, घर आर्मेनियन, प्रेम व्हेनिसवर, आणि मोठी गिऱ्हाइके इस्तंबूलचे सुलतान. एकोणिसाव्या शतकात हे एका माणसात बसत होते. १८९० च्या दशकात ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांची कत्तल झाली, तेव्हा त्याने सुलतानाने दिलेली पदके समुद्रात फेकून दिली, असे सांगितले जाते.

२०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला आणि फिओदोसियाचे चित्रदालन आपोआप रशियाच्या हाती गेले. २०१६ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने आयवाझोव्स्कीचे भव्य प्रदर्शन भरवले. जवळपास ६ लाख लोक आले. त्यात फिओदोसियाहून आणलेली ३८ चित्रे होती आणि युक्रेनने त्याला जाहीर आक्षेप घेतला. १९५४ च्या हेग करारासोबतच्या नियमांनुसार व्यापलेल्या प्रदेशातून सांस्कृतिक ठेवा बाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी व्यापणाऱ्या देशावर असते. रशियाचे म्हणणे असे की क्रिमिया आमचाच, त्यामुळे बाहेर नेण्याचा प्रश्नच येत नाही. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आलेली वाघनखे ‘परत आली’ की ‘उसनी आली’, यावरची चर्चा ज्यांनी ऐकली असेल त्यांना या शब्दांच्या खेळाचे वजन कळेल.

२०२२ च्या युद्धात प्रकरण शब्दांपलीकडे गेले. मार्चमध्ये मारियुपोलचे कुइंजी संग्रहालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. एप्रिलच्या अखेरीस मारियुपोलच्या नगर परिषदेने आरोप केला की शहरातल्या संग्रहालयांतल्या दोन हजारांहून अधिक वस्तू रशियन बाजूने दोनेत्स्कला नेल्या. त्यांत कुइंजी आणि आयवाझोव्स्की यांची मूळ चित्रे आहेत. पैशाच्या भाषेत सांगायचे तर, आयवाझोव्स्कीचे इस्तंबूलचे एक दृश्य २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांना गेले होते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तो ‘रशियन’ होता. युद्ध सुरू झाल्यावर आक्षेप आले आणि २०२३ मध्ये संग्रहालयाने पाटी बदलून त्याला ‘युक्रेनियन’ केले. त्यावर आर्मेनियन मंडळी संतापली. पाटी पुन्हा बदलली. आता तिथे लिहिले आहे : आर्मेनियन, जन्म रशियन साम्राज्यात, सध्याचा युक्रेन. स्वतः चित्रकार २ मे १९०० रोजी फिओदोसियातच वारला आणि तिथल्या आर्मेनियन चर्चच्या आवारात पुरला गेला. त्या दिवशी त्याच्या घोडीवर एक अर्धवट राहिलेले चित्र होते, तुर्की जहाजाच्या स्फोटाचे.